प्रश्नांचें मौन

साहित्याच्या भरभराटीची चर्चा निघाली म्हणजे आपण ग्रंथांची संख्या मोजतों, भाषेची सफाई पाहतों. परंतु त्या काळीं लोक एकमेकांस किती मोकळेपणानें प्रश्न विचारीत होते, हें सहसा पाहत नाहीं. एकोणिसाव्या शतकांतील मराठी गद्य या कसोटीस लावून पाहावें, असा आमचा हेतु आहे.

१८४८ सालीं गोपाळ हरि देशमुख यांनीं 'प्रभाकर' पत्रांत 'लोकहितवादी' या नांवानें पत्रें लिहावयास आरंभ केला, तेव्हां ते अवघे पंचविशीचे होते. शंभरांवर पत्रांत त्यांनीं परक्यांस नव्हे, स्वजनांसच जाब विचारला. भाषा ओबडधोबड, विधानें क्वचित् एकांगी. पण शंका खरी. जोतीराव फुल्यांच्या १८७३ च्या 'गुलामगिरी'ची तर रचनाच संवादाची आहे: धोंडीबा विचारतो आणि जोतीराव उत्तर देतात.

हा मोकळेपणा सार्वत्रिक होता, असें मात्र नाहीं. परमहंस सभेचे सभासद गुप्तपणें जमत. १८६० च्या सुमारास त्यांचीं नांवें फुटलीं आणि सभा मोडली. फुल्यांचें 'तृतीय रत्न' नाटक १८५५ चें. दक्षिणा प्राइझ कमिटीनें तें नाकारलें, आणि पुढें शंभरांहून अधिक वर्षें तें अप्रकाशित राहिलें.

१८७४ त 'निबंधमाला' निघाली. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनीं मराठी गद्यास डौल दिला, धार दिली, हें ऋण कोण नाकारील? पराजित समाजास त्या अभिमानाची गरजही होती. परंतु लोकहितवादी व फुले यांच्यावर लिहितांना त्यांनीं प्रश्नांस उत्तर देण्यापेक्षां विचारणाऱ्याच्या भाषेची व विद्वत्तेची थट्टाच अधिक केली. वाचक हंसले, आणि त्या हंसण्यांत मूळ प्रश्न बुडाला.

याचा परिणाम साहित्यावर झाल्यावांचून कसा राहील? टीका म्हणजे शोध नसून निकाल, अशी समजूत रुजली. १८८२ सालीं बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनीं 'स्त्रीपुरुषतुलना' लिहून पुरुषांस रोखठोक सवाल केले; त्या पुस्तकाचें समाजानें असें विस्मरण केलें कीं, १९७५ मध्यें स. गं. मालशे यांनीं तें पुन्हां प्रसिद्ध करीपर्यंत वाचकांच्या कित्येक पिढ्यांस त्याचा पत्ताच नव्हता. आगरकरांनीं १८८८ त 'सुधारक' काढून बुद्धिवादाची कास धरली, तर पुण्यांत त्यांची जिवंतपणींच प्रेतयात्रा निघाली. आगरकर डगमगले नाहींत. पण असें धैर्य प्रत्येक लेखकाजवळ कोठून असणार? बाकीच्यांनीं लेखणी आंवरली असल्यास त्यांस दोष कसा द्यावा? आणि जें लिहिलेंच गेलें नाहीं, त्याची नोंद कोणत्याही वाङ्मयेतिहासांत सांपडावयाची नाहीं.

मतभेदामुळें साहित्य मरत नाहीं. चिपळूणकरांच्या आवेशानें तें बलवानच झालें. तें खुरटतें तें प्रश्न विचारणाऱ्याची लाज काढल्यानें. ही संवय छापखान्यांत नव्हे, घरांतच लागते. जेवतांना मुलानें अडचणीचा प्रश्न केला असतां आपण त्यास उत्तर देतों कीं गप्प बसवितों, हें प्रत्येक वाचकानें आपल्या मनास विचारून पाहावें. उद्यांच्या मराठी ग्रंथांचें भवितव्य बरेंचसें त्या उत्तरावर अवलंबून आहे, असें आम्हांस वाटतें.