न केलेल्या फवारणीची गोष्ट

परवा मामाशी फोनवर बोलत होतो. त्याची निफाडकडे द्राक्षबाग आहे (खायची द्राक्षं, वाईनची नव्हेत). म्हणाला, "आत्ताच बोर्डो मारून आलोय, पाठ भरून आलीये." हा शब्द लहानपणापासून ऐकतोय. मला कित्येक वर्षं वाटायचं की बोर्डो हे औषध कंपनीचं नाव असणार. ते फ्रान्समधलं वाईनवालं बोर्दो, हे कळलं तेव्हा मला नोकरीला लागून दोन वर्षं झाली होती. असो, उशिरा का होईना!

तर मंडळी, आजचा विषय सेंद्रिय वाईन. सेंद्रिय म्हटलं की आपल्याला वाटतं फवारणी शून्य. तसं अजिबात नसतं. एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या द्राक्षांवर अमेरिकेहून एकामागून एक पाहुणे आले. आधी भुरी, मग मुळं पोखरणारा फायलोक्सेरा, आणि १८७८ मध्ये केवडा, म्हणजे मामाच्या भाषेत 'डाऊनी'. त्या काळात बोर्दोजवळच्या मेडॉक भागात रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद आणि चुना शिंपडायची पद्धत होती. कशासाठी? येणाऱ्याजाणाऱ्यांनी द्राक्षं चोरू नयेत म्हणून! मियार्दे नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने बघितलं की आतली बाग झडलीये, पण ह्या रस्त्याकडेच्या वेली हिरव्यागार आहेत. १८८५ मध्ये त्याने हे मिश्रण जगापुढे मांडलं. चोरांसाठी केलेला जुगाड सेंद्रिय बागेत आजही चालतो. फक्त तांबं मातीत साठून राहतं, म्हणून युरोपात २०१९ पासून हेक्टरी सात वर्षांत २८ किलोची मर्यादा आहे.

हे सगळं सांगितलं कारण खरी गोष्ट पुढे आहे. बर्गंडीत बोन गावाजवळ एमॅन्युएल जिबूलो नावाचा वाईनवाला आहे. घरची दहा हेक्टरच्या आसपास बाग. सेंद्रिय शेती वडिलांनी १९७० च्या सुमारास सुरू केलेली, म्हणजे 'ऑरगॅनिक' हा शब्द मॉलमध्ये पोचायच्या कितीतरी आधी. तेव्हा शेजाऱ्यांनी वेड्यातच काढलं असणार.

२०१३ च्या जूनमध्ये कोत-दोर जिल्ह्याच्या प्रशासनाने आदेश काढला: सगळ्या द्राक्षबागांवर कीटकनाशक मारा. सक्तीने. कारण होतं 'फ्लाव्हेसाँस दोरे' हा रोग. पानं पिवळी पडतात, घड सुकतात, आणि औषध नाही. वेल उपटून टाकायची, बस्स. तो पसरवतो एक तुडतुडा, तोही मूळचा अमेरिकेचाच! शेजारच्या जिल्ह्यात बागा उपटाव्या लागल्या होत्या, त्यामुळे प्रशासन घाबरलं होतं, ते काही चूक नव्हतं.

सेंद्रियवाल्यांसाठी पर्यायही होता: पायरेथ्रम, शेवंतीच्या कुळातल्या फुलांपासून काढलेलं. नियमात बसणारं. जिबूलो तेही मारायला तयार नव्हता. त्याचं म्हणणं, फुलाचं असलं म्हणून काय झालं, तुडतुड्याबरोबर त्याला खाणारे मित्रकीटकही मरतात. आणि माझ्या भागात रोग सापडलेला नाही, तर फवारू कशाला?

गुन्हा दाखल झाला. सहा महिने कैद आणि ३०,००० युरो दंड इथपर्यंत शिक्षा होऊ शकत होती. पाठिंब्याच्या अर्जावर पाच लाखांहून जास्त सह्या पडल्या. एप्रिल २०१४ मध्ये कोर्टाने १००० युरो दंड केला, त्यातले ५०० स्थगित. डिसेंबरमध्ये अपिलात तो सुटला, कारण मुळात आदेशच कायद्यात बसत नव्हता.

इथे माझी पंचाईत होते. आम्ही ऑफिसात बग 'नॉट रिप्रोड्यूसिबल' म्हणून बंद करतो, तसा हा निकाल. फवारणी हवी होती की नको, ह्याचं उत्तर मिळालंच नाही. सह्या करणाऱ्यांमध्ये मीही असतो तर पटकन क्लिक केलं असतं. शहरात बसून क्लिक करायला काय जातं! पण तेव्हा काही सेंद्रिय बागवालेसुद्धा त्याच्यावर चिडले होते. तुडतुडा बांध ओळखत नाही. त्याच्या बागेत रोग शिरला असता, तर उपटायची वेळ शेजाऱ्यांवरही आली असती. दुसरीकडे, सगळ्या जिल्ह्याला सरसकट विष पाजणं हेही मला पटत नाही. आधी पाहणी, मग गरज असेल तिथे फवारणी, हा मार्ग जास्त शहाणपणाचा वाटतो. कुणीतरी 'नाही' म्हटल्याशिवाय ह्यावर इतकी चर्चा झाली असती का, शंकाच आहे.

ही सगळी कथा मामाला सांगितली. त्याने शांतपणे ऐकून घेतली आणि विचारलं, "त्याच्या बांधाला कोणाची बाग होती?"

मला सांगता येईना.

"आमच्याकडे असा एक जण आहे," मामा म्हणाला. "त्याच्या आमच्याकडच्या दोन ओळी मीच मारून येतो. तो दुपारी झोपतो तेव्हा."