पाण्यात न उतरणाऱ्यांचा विहार

आमच्या अंबाजोगाईत जोडप्याच्या प्रवासाची जी सर्वांत जुनी कथा सांगितली जाते, ती फसलेल्या प्रवासाची आहे. योगेश्वरी कोकणातून निघाली, परळीच्या वैजनाथाशी तिचा विवाह ठरला होता, वऱ्हाड वाटेत रेंगाळले, मुहूर्त टळला आणि सगळे वऱ्हाड दगडाचे झाले. गावाजवळच्या हत्तीखान्याच्या लेण्यांतले दगडी हत्ती आणि मूर्ती हे त्या वऱ्हाडाचेच अवशेष, असे लहानपणी आम्हांला सांगत. देवी कुमारिका राहिली. पंचवीसेक किलोमीटरवर वैजनाथ आपल्या जागी, आणि योगेश्वरी आपल्या जागी. प्रवास हा जोडप्याला जोडण्यासाठी असतो, पण तो वेळेवर आणि नीट ठरवला नाही तर काय होते, याची ही आठवण आम्हां अंबाजोगाईकरांच्या अंगणातच आहे.

हे आठवण्याचे निमित्त अगदी घरगुती. आमच्या लग्नाला पंचवीस वर्षे झाली म्हणून मुलांनी आम्हां दोघांना एखाद्या थीम पार्कला लागून असलेल्या रिसॉर्टमध्ये दोन रात्री पाठवायचे ठरवले. जागा मात्र आम्ही निवडावी. गंमत अशी, की कोणतेही माहितीपत्रक उघडले तरी पहिले चित्र निळ्या तलावाचे. दुसरे, त्याच तलावाचे रात्रीचे. खोल्यांची वर्णनेसुद्धा तलावाच्या अंतरावरून केलेली. आणि आम्हां दोघांना तलावात रस नाही. मला पोहता येते, विहिरीत शिकलो. हिला येत नाही आणि शिकायचेही नाही. "अहो, मला पाण्याकडे बघायला आवडतं, पाण्यात जायला नाही," असे तिने एका वाक्यात सांगून टाकले. या एका वाक्याने मात्र मला बराच काळ विचारात गुंतवले. पाण्याकडे पाहणे आणि पाण्यात उतरणे या दोन वेगळ्या आवडी आहेत काय, आणि असल्यास त्यांचा इतिहास काय?

प्रथम तलावाचा इतिहास पाहू. करमणुकीची उद्याने जुनी आहेत. कोपनहेगनचे टिवोली १८४३ सालचे. पण एका कल्पनेभोवती रचलेले उद्यान आणि त्याच्या दाराशी मुक्कामाची सोय, ही जोडी जगाला दाखवली ती १९५५च्या जुलैत कॅलिफोर्नियात उघडलेल्या डिस्नेलँडने. त्याचे हॉटेलही त्याच वर्षी सुरू झाले. पाण्याचेच स्वतंत्र उद्यान ही कल्पना त्याहून नवी. १९७७ साली फ्लोरिडात जॉर्ज मिले या उद्योजकाने उभारलेले उद्यान आधुनिक वॉटर पार्कांचे पूर्वज मानले जाते. आपल्याकडे दिल्लीचे अप्पू घर १९८४चे, मुंबईत गोराईचे एस्सेलवर्ल्ड १९८९चे. त्याच्या शेजारी वॉटर किंगडम आले ते १९९८ साली. खोपोलीजवळचे इमॅजिका २०१३ साली उघडले, पुढच्या वर्षी त्याचे वॉटर पार्क, आणि त्याच्याही पुढच्या वर्षी हॉटेल. (२०२२ साली ते संगमनेरच्या मालपाणी समूहाकडे गेले.) क्रम लक्षात घेण्याजोगा आहे: आधी कोरडे उद्यान, मग पाणी, मग खोली. म्हणजे तलाव हा या संस्थेचा गाभा नव्हे. उद्यानाचे दरवाजे संध्याकाळी बंद झाल्यावर पाहुण्यांच्या उरलेल्या तासांचे काय करायचे, या हॉटेलवाल्यांच्या अडचणीला तो दिलेले उत्तर आहे. मुलांना पाण्यात सोडले की आईबाप निवांत बसतात. हे उत्तर कुटुंबासाठी चोख आहे. मुले मोठी होऊन घराबाहेर पडलेल्या जोडप्यासाठी ते तितकेसे लागू पडत नाही, एवढेच.

आता दुसरी बाजू. पाण्यात उतरण्याची हौस परकी आहे असे म्हणण्याचा मोह होतो, पण तो टाळायला हवा. हालाच्या नावावर असलेल्या गाथासप्तशतीत गोदावरीचा काठ, तिथले स्नान आणि त्या निमित्ताने जुळणारी मने हा वारंवार येणारा विषय आहे. आणि ती गोदावरी म्हणजे आजच्या बीड जिल्ह्याची उत्तर सीमा. जलक्रीडा आपल्या काव्याला नवी नाही. पुढच्या काळातही खेड्यातली मुले पाठीला वाळलेला भोपळा बांधून विहिरीत पोहायला शिकत. पण शिकत ती मुले, मुली क्वचितच; आणि सगळ्यांची मुलेही नव्हेत. विहीर कोणाची आणि तीत कोणी उतरायचे, हे ठरलेले असे. पोहणे दूरच, पाण्याला स्पर्श करण्याच्या हक्कासाठी डॉ. आंबेडकरांना २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर सत्याग्रह करावा लागला. त्या मानाने रिसॉर्टच्या तलावात तिकीट आणि नायलॉनचा पोशाख एवढीच अट असते, हे त्याच्या बाजूने नमूद केले पाहिजे. ज्या स्त्रीला गावच्या विहिरीत कधी उतरता आले नाही, ती वॉटर पार्कात उभी राहून अंगावर लाटा घेते, यात एक लहानसे स्वातंत्र्य आहे. ते नाकारण्याचा अधिकार आम्हांला नाही. आम्ही फक्त आमच्यापुरती आवड सांगतो आहोत.

पाणी पाहण्याच्या आवडीचा इतिहास मात्र आमच्या कोरड्या मुलखाने फार मोठा करून ठेवला आहे. बीड शहरातले कंकालेश्वर घ्या. तारकाकृती विधानाचे हे जुने मंदिर कुंडाच्या मधोमध उभे आहे. महाशिवरात्रीला इथे जत्रा भरते. भाविक पाण्यावरून चालत जातो, पाण्याने वेढलेला होतो, पण पाण्यात उतरत नाही. मराठवाड्याच्या उन्हात एवढा अनुभवही शरीराला निववणारा असतो.

याच कल्पनेचे राजेशाही रूप निजामशाहीने अहमदनगरला (२०२४पासून अहिल्यानगर) उभे केले. फराहबाग. चौरस तलावाच्या मध्यभागी अष्टकोनी महाल, भोवती बागा. मुर्तजा निजामशाहाच्या कारकिर्दीत, म्हणजे १५६५ ते १५८८ या काळात, त्याचे काम चालले आणि १५८३च्या सुमारास सलाबतखानाच्या हातून ते पुरे झाले. मुर्तजाला लोक दिवाणा म्हणत. दरबाराचा त्याला कंटाळा होता. या जलमहालात तो दिल्लीहून आलेल्या एका गायकाबरोबर बुद्धिबळ खेळत बसे, असे सांगितले जाते. म्हणजे दक्षिणेतल्या सर्वांत देखण्या जलविहारांपैकी एकात यजमान पोहत नव्हता, प्यादी सरकवत होता. पाणी होते ते वाऱ्याला गारवा देण्यासाठी आणि बाहेरच्या जगाला चार हात दूर ठेवण्यासाठी. हिला ही हकीकत सांगितली तेव्हा ती म्हणाली, "मग आपण काही वेगळं मागत नाही." खरेच आहे. दोन माणसे, एक पट, भोवती पाणी. अर्थात त्याचा शेवट मात्र सुखाचा झाला नाही. १५८८ साली मुर्तजाच्या मुलानेच त्याला न्हाणीघरात कोंडून आगीच्या धगीने मारले, असे फेरिश्त्याने लिहून ठेवले आहे. आणि हा इतिहासकार त्या काळी त्याच दरबारात चाकरीला होता.

आता त्याच वर्षांतली दुसरी वास्तू पाहा. बीडच्या दक्षिणेला पाचसहा किलोमीटरवर, महामार्गापासून जवळच खजाना विहीर आहे. तिचे बांधकाम १५८२-८३चे, मुर्तजाच्याच राज्यातले, आणि तिच्याशीही नाव जोडले जाते ते सलाबतखानाचे. रचनाकार म्हणून राजा भास्कर याचे नाव सांगतात. विहिरीच्या पोटात भुयारी मार्ग आहेत. त्यांतून पाणी येते आणि पुढे उताराने शेतांकडे जाते. मोट नाही, बैल नाही, केवळ जमिनीच्या उताराचा हिशेब. पाणी मोठ्या दुष्काळातही टिकते अशी तिची ख्याती. वर उभे राहून पाहिले तर डोळ्यांत भरण्यासारखे फारसे काही नाही. दगडी गोल घेर आणि खाली पाणी. एकाच राजवटीत, एकाच नावाखाली, एकाच दशकात पाण्याच्या दोन वास्तू झाल्या. एक राजाच्या एकांतासाठी, दुसरी कुणब्याच्या शेतासाठी. आज फराहबागेचा तलाव कोरडा आहे आणि महाल पडझडीत उभा आहे. विहिरीने मात्र शतकानुशतके शेते भिजवली.

इथे एक नैतिक निष्कर्ष काढून मोकळे होण्याची सोय आहे. २०१६च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. पहिल्या गाडीच्या दहा वाघिणींत पाच लाख लिटर पाणी होते. लातूरची तहान भागवणारे मांजरा धरण आमच्याच जिल्ह्यात, केज तालुक्यात धनेगावला. ते आटले होते. त्याच महिन्यात उच्च न्यायालयाने क्रिकेटचे सामने राज्याबाहेर हलवायला लावले. असे उन्हाळे काढलेल्या माणसाला निळ्या तलावात डुंबणे पाप वाटावे, हे स्वाभाविक. मीही घरात तसे बोलून गेलो. हिने मला थांबवले. तलावाचे पाणी गाळून पुन्हा पुन्हा वापरतात. आपण त्यात उतरलो नाही म्हणून कोणाच्या हंड्यात एक तांब्या जास्त पडत नाही. आणि हिशेबच करायचा तर आमच्या धरणाच्या पाण्यावर पोसलेल्या उसाचा आधी करावा, असे तिचे म्हणणे. तिचे बरोबर होते. आवडीला तत्त्वाचा मुखवटा चढवू नये. आम्हांला तलाव नको कारण तो आवडत नाही. दुष्काळाला साक्षीला बोलावण्याचे कारण नाही.

पण उसाचा विषय निघाला की बीड जिल्ह्यात जोडप्याच्या प्रवासाचा दुसरा, फार मोठा इतिहास समोर येतो. दसरा-दिवाळीनंतर या जिल्ह्यातून लाखो माणसे ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. मुकादमाकडून उचल घेतली जाते ती 'कोयत्या'वर, आणि एक कोयता म्हणजे नवरा-बायको मिळून एक. जोडपे हेच इथे मोजमाप. एकट्याला अर्धा कोयता म्हणतात. एकाने तोडायचे, दुसऱ्याने मोळी बांधायची, मुक्काम कारखान्याच्या फडाजवळच्या कोपीत, गाळप संपेपर्यंत. एक दिवस खाडा झाला तरी पैसे कापले जातात. या भीतीपोटी आणि इतर कारणांनी ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रिया मोठ्या संख्येने झाल्याचे २०१९ साली उघडकीला आले आणि शासनाला चौकशी समिती नेमावी लागली. आमच्या जिल्ह्यातून दोघांनी मिळून घराबाहेर पडण्याचा सर्वांत रुळलेला अर्थ हा आहे. जोडप्याने केवळ विश्रांतीसाठी प्रवास करणे ही इथे इतकी अलीकडची गोष्ट आहे, की तिला धड शब्दही नाही. आमच्या आईवडिलांच्या पिढीत एकत्र जाणे व्हायचे ते यात्रेला, आणि तेही चार नातेवाइकांसह.

हे सगळे डोळ्यांपुढे ठेवूनच आम्ही निवड केली. शिर्डीच्या भक्तिविषयक थीम पार्कचाही विचार झाला. तिथे तीर्थयात्रेचा फेरफटका बसल्या जागी घडवतात. 'तीर्थ' या शब्दाचा मूळ अर्थ पाण्यात उतरण्याची जागा असा, आणि इथे ते संपूर्ण कोरडे, म्हणजे आमच्या गरजेला अगदी साजेसे. पण शिर्डीला जायचे तर समाधीच्या दर्शनाला जावे, असे हिचे मत पडले. शेवटी खोपोली ठरली. आम्ही तीन गोष्टी पाहिल्या. एक, कोरड्या उद्यानाचे आणि पाण्याच्या उद्यानाचे तिकीट वेगळे आहे. न वापरायच्या गोष्टीचे पैसे भरावे लागत नाहीत. दोन, खुर्चीत बसून देशावरून उडत गेल्याचा भास देणारा खेळ आहे, म्हणजे आमच्या वयाला झेपणारे काहीतरी आहे. तीन, खोलीच्या खिडकीतून तलावाऐवजी सह्याद्री मागता येतो. दिवस मार्गशीर्षातले घेतले. मुलांच्या सुट्ट्या नाहीत, ऊन सोसवणारे, डोंगर अजून पुरते वाळलेले नाहीत.

रस्ता केज, मांजरसुंब्यावरून बीड, तिथून अहिल्यानगर आणि पुणे. बीडच्या अलीकडे खजाना विहिरीपाशी थांबायचे आणि अहिल्यानगरला फराहबागेत तासभर बसायचे, असे ठरले आहे. त्या दिवसांत याच रस्त्याने कोयते घेऊन निघालेल्या, चुलीभांड्यांसकट भरलेल्या गाड्याही असतील. त्यांतही जोडपीच असतील. सामानात हिने आठवणीने बुद्धिबळाचा पट ठेवला आहे. मला तो खेळ तिच्याइतका येत नाही.