चित्रकथेचे मूळ पान आणि त्याचा धनी



मोंढ्यातले हमाल आणि ऊसतोडीला जाणारे मजूर यांच्या संघटनेत ज्याचे आयुष्य गेले, त्याने चित्रांच्या संग्रहावर बोलावे याचे काहींना नवल वाटेल. मला ते वाटत नाही. ज्या वस्तूवर कोणाचे तरी हात राबले आणि जी पुढे बाजारात गेली, त्या वस्तूचा इतिहास हा राबणाऱ्याचाही इतिहास असतो. ऊस तोडणाऱ्याचे नाव साखरेच्या पोत्यावर नसते. चित्रकथेचे पान रंगविणाऱ्याचे नाव पुष्कळदा चित्रावर नसते, आणि असलेच तरी चित्राच्या किमतीशी त्याचा संबंध उरत नाही. आज त्या पानाच्या प्रवासाचा विचार करावयाचा आहे.

प्रथम मूळ पान म्हणजे काय ते स्पष्ट करू. मुलांच्या हाती जे चित्रकथेचे पुस्तक असते ते छापील असते. त्याच्या हजारो प्रती निघतात. परंतु छापण्यापूर्वी कोणीतरी जाड कागदावर ते पान हाताने रेखाटलेले असते. हे पान छापील पानाहून बरेच मोठे असते. त्यावर पेन्सिलीच्या पुसट रेघा, वर काळी शाई, चूक झाकण्यासाठी लावलेला पांढरा रंग आणि संवादांच्या चिकटविलेल्या पट्ट्या दिसतात. कित्येकदा एकाने पेन्सिलीने काढलेले, दुसऱ्याने शाईने गिरविलेले आणि तिसऱ्याने अक्षरे घातलेले असे ते तिघांचे काम असते. छपाईचा ठसा तयार झाला की छापखान्याच्या दृष्टीने त्याचे काम संपले. मग ते कपाटात पडे, कोणाला भेट जाई, नाही तर केराच्या टोपलीत जाई. हाच कागद पुढे सोन्याच्या मोलाचा ठरला.

हा प्रकार परक्या मुलखातला म्हणून सोडून देण्यासारखा नाही. चित्रे दाखवून कथा सांगण्याची चाल आपल्याकडे फार जुनी आहे. कल्याणीच्या चालुक्यांपैकी राजा सोमेश्वर तिसरा याच्या बाराव्या शतकातील 'मानसोल्लास' ग्रंथात चित्रकथकाचा उल्लेख आहे. आपल्या जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून जी गोदावरी वाहते, तिच्याच काठी थोडे वर पैठण आहे. त्या गावाच्या नावाने 'पैठणी चित्रे' जगभरच्या संग्रहालयांत ओळखली जातात. रामायण-महाभारतातील एकेका आख्यानाची सुट्या कागदांवर काढलेली ही चित्रे. मोठाले डोळे, ठसठशीत रेषा, तांबडा-पिवळा-हिरवा असे मोजके रंग. दोन कागद पाठीला पाठ लावून चिकटविलेले असत. अशा पानांचा एक संच म्हणजे एक पोथी. रात्री दिव्याच्या उजेडात चित्रकथी एकेक पान उभे धरी आणि वीणा, टाळ व हुडुक यांच्या साथीवर कथा गाई. ऐकणाऱ्याला अक्षरओळख नसली तरी काही अडत नसे.

नाव पैठणचे असले तरी ही कला आजवर जिवंत राहिली ती सिंधुदुर्ग जिल्ह्यात, कुडाळजवळच्या पिंगुळी गावी. तेथील ठाकर समाजाने ती सांभाळली. सावंतवाडीच्या संस्थानिकांचा तिला आश्रय होता. पिंगुळीचे परशुराम विश्राम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. त्यांनी गावातच या कलेचे संग्रहालय उभारले आहे. ज्यांची कला त्यांच्याच दारात तिचा संग्रह, ही घटना दिसायला लहान असली तरी मोलाची आहे. एरवी संग्रह नेहमी दूरच्या शहरात होतो.

पोथी बाजारात गेली की काय होते, याचे सर्वांत मोठे उदाहरण मोगल काळातले आहे. बादशहा अकबराने 'हम्झानामा' चित्रित करवून घेतला. कापडावर रंगविलेली सुमारे चौदाशे भव्य चित्रे, त्यांच्या पाठीवर कथेचा मजकूर, आणि शेकडो हातांचे पंधरा वर्षांच्या आसपास चाललेले काम. तीही एक प्रकारची चित्रकथाच. आज त्यांपैकी दोनशेसुद्धा चित्रे शिल्लक नाहीत. साठ व्हिएन्ना येथे आहेत. काही पाने १८८१ साली श्रीनगरमध्ये लंडनच्या संग्रहालयासाठी खरेदी झाली. त्या वेळी तेथे ही पाने थंडी-वारा अडविण्यासाठी खिडक्यांना लावलेली आढळली होती. येथे दोन गोष्टी एकदम खऱ्या आहेत. विकत घेणारा आला नसता तर तीही पाने गेली असती. आणि विकत घेतली म्हणूनच ती आपल्या देशातून गेली. संग्राहकाला एका शब्दात चोर म्हणणे किंवा एका शब्दात उपकारकर्ता म्हणणे, दोन्ही घाईचे आहे.

आपल्याकडच्या संग्राहकाचा विचार करताना पुण्याचे दिनकर गंगाधर केळकर यांचे नाव घेतल्यावाचून पुढे जाता येत नाही. १८९६ साली जन्मलेले हे गृहस्थ 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहीत आणि चष्म्यांचे दुकान चालवीत. दिवे, अडकित्ते, कोरीव दरवाजे, वाद्ये, चित्रे अशा वस्तू त्यांनी गावोगाव हिंडून, जुने वाडे धुंडाळून, प्रसंगी पदरमोड करून जमविल्या. पत्नी कमलाबाई यांची त्यांना साथ होती. लहानपणीच निवर्तलेल्या आपल्या मुलाचे 'राजा' हे नाव त्यांनी संग्रहालयाला दिले. वीस हजारांवर वस्तूंचा हा संग्रह त्यांनी पुढे महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. १९९० साली ते वारले. चित्रकथींची चित्रेही त्या संग्रहात आहेत. एकट्याने जमविलेले शेवटी सर्वांचे झाले, आणि म्हणूनच आज आपण पुण्यास जाऊन ते पाहू शकतो. खाजगी संग्रहाचा सार्वजनिक शेवट कसा असावा, याचा हा धडा आहे.

आता छापील चित्रकथेकडे वळू. १९६४ साली 'इंद्रजाल कॉमिक्स' निघू लागले. त्यातला वेताळ मराठी मुलांच्या घरोघर पोहोचला. १९९० साली ती माला बंद पडली. १९६७ साली अनंत पै यांनी 'अमर चित्र कथा' सुरू केली. तिच्यासाठी चित्रे काढणाऱ्यांत राम वाईरकर, प्रताप मुळीक, दिलीप कदम अशी आपली माणसे होती. वाईरकरांचा 'कृष्ण' लाखो मुलांनी पाहिला. त्या मुलांपैकी कितींना चित्रकाराचे नाव सांगता येईल? चित्रकथीचे नाव पोथीवर नव्हते. येथे नाव छापलेले होते, तरी ते वाचण्याची सवय आपल्याला लागली नाही.

या मूळ पानांची खरी बाजारपेठ वाढली ती अमेरिकेत आणि युरोपात. तेथील आकडे ऐकण्यासारखे आहेत. १९८४ सालच्या एका स्पायडरमॅन कथेतील माइक झेक यांनी रेखाटलेले एकच पान जानेवारी २०२२ मध्ये डॅलसच्या लिलावात ३३ लाख ६० हजार डॉलरला गेले. त्याआधी एक वर्ष पॅरिसमध्ये टिनटिनचे जनक एर्जे यांनी १९३६ साली मुखपृष्ठासाठी काढलेले चित्र सुमारे ३२ लाख युरोंना विकले गेले. रंगीत छपाई महाग पडेल म्हणून ते चित्र त्या वेळी वापरलेच गेले नव्हते.

या आकड्यांच्या शेजारी आणखी एक आकडा ठेवला पाहिजे. सुपरमॅन हे पात्र निर्माण करणारे जेरी सीगल आणि जो शुस्टर या दोन तरुणांनी १९३८ साली त्याचे सर्व हक्क १३० डॉलरला विकले. पुढे दोघांनाही विपन्नावस्था आली. इतर चित्रकारांनी आवाज उठविला, वर्तमानपत्रांनी तो उचलून धरला, तेव्हा कोठे १९७५ साली त्यांना वार्षिक वीस हजार डॉलरचे निवृत्तिवेतन आणि पात्राचे जनक म्हणून नाव मिळाले. २०१२ साली काय झाले? ज्या चेकमध्ये ते १३० डॉलर होते, तो जुना चेकच लिलावात एक लाख साठ हजार डॉलरला गेला. मजुराच्या मजुरीची पावती मजुरीहून हजारपट महाग झाली! यावर भाष्य करण्याची गरज नाही.

दुसरा लढा जॅक कर्बी यांचा. या चित्रकाराने मार्व्हल कंपनीसाठी हजारो पाने काढली. १९७० नंतरच्या दशकात मोठ्या कंपन्या मूळ पाने चित्रकारांना परत देऊ लागल्या. परंतु कर्बींची जुनी पाने परत देताना १९८४ साली त्यांच्यापुढे इतरांपेक्षा कितीतरी लांब व जाचक करारपत्र ठेवण्यात आले. त्यांनी नकार दिला. त्यांच्या बाजूने सहव्यावसायिक उभे राहिले. १९८७ साली सुमारे दोन हजार पाने त्यांच्या हाती आली; उरलेली बहुसंख्य पाने आलीच नाहीत. लढ्यावाचून जी वस्तू आपण होऊन परत येत नाही, ती एकजुटीने काही अंशी तरी परत येते, हा अनुभव मोंढ्यातला आणि न्यूयॉर्कचा एकच आहे.

ही पाने हात कशी बदलतात, तेही समजून घेऊ. लिलावाला आपण हर्राशी म्हणतो. कापसाची, भाजीपाल्याची हर्राशी आपण पाहिली आहे. बोली उघड असते, भाव सर्वांच्या कानी पडतो, आणि मध्यस्थ आपली अडत घेतो. चित्रांचे लिलावगृह तर बहुधा विकणाऱ्याकडूनही घेते आणि घेणाऱ्याकडूनही. दुसरा मार्ग खाजगी सौद्याचा. बैलबाजारात दलाल रुमालाखाली हात धरून बोटांनी भाव ठरवितात, तसा हा व्यवहार असतो. त्यात सभ्यता असू शकते, विश्वासही असू शकतो. परंतु भाव बाहेर कळत नाही. ज्या कुटुंबाच्या घरात जुनी पोथी आहे त्याला शेजारच्या गावी तशीच पोथी कितीला गेली हे माहीत नसते, आणि घेणाऱ्याला ते पक्के माहीत असते. एकाला भाव ठाऊक आणि दुसऱ्याला गरज ठाऊक, असा सौदा बरोबरीचा होत नाही. उचल घेऊन कोयता हाती धरणाऱ्याला हे वेगळे सांगावयास नको.

यात आणखी एक हानी आहे. पन्नास पानांची पोथी एकरकमी विकण्यापेक्षा सुटी पाने विकण्यात दलालाचा फायदा असतो. युद्धाचे पान एकाकडे जाते, स्वयंवराचे दुसऱ्याकडे, आणि ज्या पानावर केवळ दोन माणसे बोलत उभी आहेत ते कोणीच घेत नाही. पाने उरतात, पण कथा मरते. अमेरिकेतील चित्रकथांचेही हेच झाले. एका अंकाची वीस पाने वीस घरांत आहेत.

यावर कायदा काय म्हणतो? फ्रान्समध्ये मिले नावाच्या चित्रकाराने हजार फ्रँकांना दिलेले चित्र १८८९ साली साडेपाच लाखांवर गेले, आणि मिलेचे कुटुंब मात्र हलाखीतच राहिले. अशा प्रकरणांनी लोकमत जागे झाले आणि १९२० साली तेथे पुनर्विक्रीत चित्रकाराला वाटा देणारा कायदा आला. आपल्याकडे १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ साली ५३-अ हे कलम घातले गेले. मूळ चित्र दहा हजार रुपयांहून अधिक किमतीला पुन्हा विकले गेले, तर चित्रकाराला किंवा त्याच्या वारसांना त्या किमतीत वाटा मिळू शकतो. तो दहा टक्क्यांहून अधिक असू नये, अशी मर्यादा आहे. परंतु एक अट आहे. चित्रकार हाच कॉपीराइटचा पहिला धनी असला पाहिजे. नोकरीत असताना काढलेल्या चित्राचा पहिला धनी, वेगळा करार नसेल तर, मालक ठरतो. म्हणजे पगारावर राबणारा चित्रकार या कलमाच्या दाराबाहेरच उभा राहतो. शिवाय शंभर वर्षे जुन्या चित्राला १९७२ चा पुराण वस्तूंचा कायदा लागू होतो. ते चित्र कोणाही व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही, आणि अशा वस्तूंचा व्यापार करणाऱ्याला परवाना लागतो. जुना चित्रकथी मात्र दोन्ही कायद्यांत कोठेच नाही. त्याचे चित्र राखले जाते. त्याच्या नातवंडांचा वाटा कोणी राखलेला नाही.

मग आपण काय करावे? कोणाच्या माळ्यावर पोथी निघाली तर ती फोडू नये. पाने मोजून, क्रम लावून, कोणाची, कोणत्या गावची, कशी आली, हे लिहून ठेवावे. विकावीच लागली तर एका जाणकारावर विसंबू नये, दोघा-तिघांना विचारावे, आणि शक्यतो सार्वजनिक संग्रहालयाला द्यावी. ज्यांना संग्रहाचा छंद आहे त्यांनी चित्राबरोबर काढणाऱ्याचे नाव आणि दिलेली किंमतही नोंदवावी. आपल्या गावात आज पाठ्यपुस्तकांसाठी, दिवाळी अंकांसाठी चित्रे काढणारी तरुण मुले-मुली आहेत. त्यांना माझे आग्रहाचे सांगणे आहे की, काम घेतानाच मूळ पान कोणाचे हे कागदावर लिहून घ्या. कागदाची मालकी आणि छापण्याचा हक्क या दोन निराळ्या गोष्टी आहेत. एक दिली म्हणजे दुसरी आपोआप जात नाही. आणि हे एकेकट्याने मागू नका. मोंढ्यातल्या हमालाने एकट्याने कधी हमाली वाढवून घेतलेली नाही. हमाल एकत्र आले म्हणून १९६९ सालचा माथाडी कायदा झाला.

संग्रह करणे ही चांगली गोष्ट आहे. ज्या समाजाला जपून ठेवण्यासारखे काही वाटतच नाही, तो समाज दरिद्री. परंतु वस्तू जपावी आणि ती घडविणारा उपाशी ठेवावा, हे जपणे अर्धेच झाले. उरलेले अर्धे आपल्या हाती आहे.