जुना प्रोग्राम कुठून सुटा करायचा? हो-नाहीच्या तक्त्यातून उत्तर शोधणारे गणित

बँका, विमा कंपन्या, संशोधन संस्था अशा अनेक ठिकाणी वीस-तीस वर्षांपूर्वी लिहिलेले प्रोग्राम आजही चालू आहेत. लिहिणारे निघून गेलेले असतात आणि कागदपत्रे अपुरी असतात. अशा प्रोग्रामचे सुटे भाग करता येतील, की सगळा नव्याने लिहावा लागेल? हा निर्णय चुकला तर वेळ आणि पैसा दोन्ही वाया जातात. तो केवळ अंदाजावर न सोडता तपासून पाहण्याचा एक मार्ग म्हणजे ‘फॉर्मल कन्सेप्ट ॲनालिसिस’, थोडक्यात एफसीए.

एफसीए म्हणजे काय?

जर्मनीतील डार्मश्टाट येथील गणितज्ञ रुडॉल्फ विले यांनी १९८२ मध्ये या पद्धतीचा पाया घातला. तिची सुरुवात एका साध्या तक्त्याने होते. आडव्या ओळींत वस्तू, उभ्या रकान्यांत गुणधर्म आणि प्रत्येक चौकटीत फक्त ‘हो’ किंवा ‘नाही’.

या तक्त्यातून ‘संकल्पना’ शोधल्या जातात. संकल्पना म्हणजे वस्तूंचा एक गट आणि गुणधर्मांचा एक गट यांची जोडी. तिला दोन अटी असतात. गटातल्या सर्व वस्तूंमध्ये समान असलेला प्रत्येक गुणधर्म जोडीत हवा. आणि ते सर्व गुणधर्म असलेली एकही वस्तू जोडीबाहेर राहता कामा नये. गट आधी कोणी ठरवत नाही, ते तक्त्यातूनच बाहेर येतात.

उदाहरण : ग्रंथालयाचा प्रोग्राम

समजा, एका ग्रंथालयाच्या प्रोग्राममध्ये पाच कामे आहेत. प्रत्येक काम कोणती माहिती वापरते ते असे :

- सभासद नोंदणी : सभासद यादी
- नवीन पुस्तकाची नोंद : पुस्तक यादी
- पुस्तक देणे : सभासद यादी, पुस्तक यादी, तारखा
- पुस्तक परत घेणे : पुस्तक यादी, तारखा
- दंड आकारणे : सभासद यादी, तारखा

यातून बरोबर ७ संकल्पना निघतात. उदाहरणार्थ, ‘पुस्तक देणे व परत घेणे’ ही कामे आणि ‘पुस्तक यादी व तारखा’ ही माहिती मिळून एक संकल्पना होते. या सातही संकल्पना व्यापक वर आणि नेमक्या खाली अशा मांडून रेषांनी जोडल्या की जाळीसारखी आकृती तयार होते. गणितात तिला ‘जालक’ म्हणतात.

आता प्रोग्रामचे ‘सभासद’ आणि ‘पुस्तके’ असे दोन भाग करायचे ठरवले, तर अडचण कुठे येईल? ‘पुस्तक देणे’ हे काम जालकाच्या तळाशी, दोन्ही बाजूंना धरून बसलेले दिसते. तारखाही दोन्हीकडे लागतात. म्हणजे तोडफोड सुरू करण्याआधीच गाठ कुठे आहे ते कळते.

खऱ्या प्रोग्राममध्ये काय दिसले?

ख्रिस्टियान लिंडिग आणि ग्रेगोर स्नेल्टिंग या जर्मन संशोधकांनी १९९७ मध्ये काही जुन्या प्रोग्रामवर हीच पद्धत वापरली. त्यातला एक प्रोग्राम विमानाभोवतीच्या हवेच्या प्रवाहाचे गणित करणारा होता. फोर्ट्रान भाषेतला, एक लाखाहून अधिक ओळींचा. त्याच्या जालकात हजारो संकल्पना एकमेकींत इतक्या गुंतलेल्या निघाल्या की स्वच्छ सुटे होतील असे भाग सापडलेच नाहीत. हे उत्तर नकारार्थी असले तरी उपयोगाचे आहे. जे सुटे होणारच नाही, त्यावर वेळ घालवायचा की नाही, हे आधीच ठरवता येते.

दुसरा उपयोग म्हणजे एखादी सोय कोडमध्ये नेमकी कुठे लिहिली आहे ते शोधणे. आयझेनबार्ट, कोश्के आणि सिमोन यांनी २००३ मध्ये मोझॅक आणि किमेरा या ब्राउझरवर हे करून दाखवले. ब्राउझरमध्ये वेगवेगळ्या कृती करायच्या, प्रत्येक वेळी कोडचे कोणते तुकडे चालले ते नोंदवायचे आणि त्या नोंदींचा तक्ता एफसीएला द्यायचा. सगळ्याच कृतींत चालणारे तुकडे एका टोकाला जातात, तर फक्त विशिष्ट सोयीसाठी चालणारे वेगळे दिसतात.

डेटामध्ये उपयोग

जालकातून नियमही मिळतात. वरच्या तक्त्यात ‘सभासद यादी आणि पुस्तक यादी दोन्ही वापरणारे काम तारखाही वापरते’ हा नियम खरा आहे. दुकानांच्या बिलांत कोणत्या वस्तू एकत्र घेतल्या जातात हे शोधताना असे असंख्य नियम निघतात. त्यातले तेच ते सांगणारे नियम गाळायला एफसीएमागचे गणित कामी येते.

मात्र नियम फक्त त्या तक्त्यापुरता खरा असतो. आपल्या उदाहरणातला नियम तर ‘पुस्तक देणे’ या एकाच कामावर उभा आहे. एक नवी ओळ आली आणि तो मोडला, असे होऊ शकते. म्हणून संगणकाने नियम सुचवायचा आणि जाणकाराने ‘हो’ म्हणायचे किंवा विरुद्ध उदाहरण द्यायचे, अशीही एक पद्धत आहे.

मर्यादा कोणत्या?

- आकार : संकल्पनांची संख्या झपाट्याने वाढू शकते. फक्त २० वस्तू आणि २० गुणधर्मांच्या तक्त्यातून वाईटात वाईट स्थितीत १०,४८,५७६ संकल्पना निघतात.
- हो-नाहीची सक्ती : वय, किंमत अशा आकड्यांचे आधी टप्पे पाडावे लागतात. टप्पे बदलले की उत्तरही बदलू शकते.
- चुकीची नोंद : एका चौकटीतल्या चुकीमुळेही नको त्या संकल्पना तयार होऊ शकतात.

थोडक्यात, एफसीए निर्णय घेत नाही. तक्त्यात जे आहे ते काही न लपवता समोर मांडते. तक्त्यात कोणते रकाने असावेत, हे मात्र माणसालाच ठरवावे लागते.