लाटेवरची 'मी'

सर्फिंगचा इतिहास बहुधा पुरुषांच्या पराक्रमाचा इतिहास म्हणून सांगितला जातो. वास्तविक हवाई बेटांवर स्त्रियाही फळीवर उभ्या राहून लाटांवर स्वार होत. माउई बेटावरील केलेआ या राजस्त्रीच्या आख्यायिकेत तिचे हे कौशल्यच ठळक आहे. विसाव्या शतकात हा खेळ कॅलिफोर्निया आणि ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यांवर रुजला, तेव्हा मात्र स्त्रीची जागा पाण्यातून वाळूवर सरकली. तिथे तिला काय वाटत होते, याचा शोध घेताना आम्हाला दोन कादंबऱ्या महत्त्वाच्या वाटतात.

पहिली 'गिजेट' (१९५७). मालिबूच्या किनाऱ्यावर सर्फिंग शिकणाऱ्या कॅथी कोनर या किशोरवयीन मुलीने घरी सांगितलेले अनुभव तिच्या वडिलांनी, फ्रेडरिक कोनर यांनी, मुलीच्याच 'मी'तून लिहिले. 'पण लक्षात कोण घेतो?'मधील यमूचा 'मी' हरिभाऊंनी लिहिला, म्हणून तो खोटा ठरत नाही. इथेही तसेच म्हणावे लागेल. आपले खरे प्रेम तरुणावर नसून फळीवरच असावे, या जाणिवेपाशी कादंबरीतील मुलगी येते. १९५९च्या चित्रपटाने मात्र तिला शेवटी प्रियकराच्या हाती सोपवले!

दुसरी 'प्युबर्टी ब्लूज' (१९७९). सिडनीजवळच्या क्रोनुला किनाऱ्यावर वाढलेल्या कॅथी लेट आणि गॅब्रिएल केरी या दोन तरुणींनी ती स्वतःच लिहिली. हिच्यातल्या मुली लाटेवर जातच नाहीत. त्या टॉवेल राखतात, मुलांसाठी खाणे आणतात, स्वतः मात्र त्यांच्यासमोर खात नाहीत, आणि तासन्‌तास समुद्राकडे पाहत बसतात. भीती किंवा असूया यांपेक्षा कंटाळा ही इथली मध्यवर्ती भावना आहे. दुसऱ्याचा पराक्रम पाहत बसण्याचा हा कंटाळा पुरुषाच्या लेखणीतून क्वचितच उतरला असता, असे आमचे मत आहे. अखेरीस दोघी फळी विकत घेऊन, मुलांची टर सोसत, पाण्यात उतरतात.

त्याच सिडनीच्या किनाऱ्यावर १९१५ साली इझाबेल लेथम ही मुलगी ड्यूक कहानामोकू या हवाईच्या जलतरणपटूबरोबर एकाच फळीवर उभी राहिली होती. पुढे मॅनलीच्या जीवरक्षक क्लबाने तिला सभासदत्व नाकारले. खवळलेला समुद्र बाईला झेपणार नाही, हे त्यामागचे कारण. ऑस्ट्रेलियातील जीवरक्षक पथकांत स्त्रियांना प्रवेश मिळाला तो 'प्युबर्टी ब्लूज'नंतर एका वर्षाने, १९८०मध्ये.