केस, कायदा आणि कादंबरी

1786 साली न्यू ऑर्लीन्समध्ये स्पॅनिश गव्हर्नर एस्तेबान मिरो याने एक फर्मान काढले. शहरातील स्वतंत्र कृष्णवर्णी व मिश्रवर्णी स्त्रियांनी केसांत पिसे वा दागिने माळू नयेत, डोके रुमालाने झाकावे, असा त्याचा आशय होता. या रुमालाला तिथे 'तिन्यों' म्हणत. गुलाम स्त्रिया कामावर डोके बांधत. स्वतंत्र झालेल्या स्त्रीनेही तसेच दिसावे, हा हेतू लपलेला नव्हता. त्या स्त्रियांनी हुकूम पाळला, पण रंगीबेरंगी चौकड्यांचे कापड घेऊन रुमालाचे असे काही फेटे बांधले की शिक्षेचीच शोभा झाली. त्यांतले पुष्कळ कापड आपल्याकडचे, 'मद्रास' या नावाने गेलेले.

हा प्रसंग आम्ही आरंभी घेतला, कारण झोरा नील हर्स्टनची 'देअर आईज वेअर वॉचिंग गॉड' (1937) वाचताना तो माहीत असलेला बरा. ईटनव्हिल या कृष्णवर्णीयांनीच वसवलेल्या गावात जेनीचा नवरा जोडी दुकानात वावरताना तिला केस फडक्यात बांधायला लावतो, कारण त्या वेणीला परपुरुषाचा हात लागलेला त्याने पाहिला आहे. तो मेल्यावर जेनी ती सारी फडकी जाळून टाकते. आपल्या वर्गांत या प्रसंगावर 'स्त्रीमुक्तीचे प्रतीक' असा शिक्का मारून पुढे जाण्याची रीत आहे. शिक्का खोटा नव्हे. पण गव्हर्नरचा रुमाल दीडशे वर्षांनी काळ्या नवऱ्याच्या हातात कसा आला, हा खरा प्रश्न त्याखाली दडपला जातो.

प्रतीकाची घाई झाली की केस हे केस राहतच नाहीत. म्हणून थोडे केसांविषयीच. घट्ट वेटोळ्यांच्या केसात टाळूचे नैसर्गिक तेल टोकापर्यंत उतरत नाही. वळणा-वळणावर ते अडते. त्यामुळे असे केस कोरडे पडतात आणि कोरडेपणी विंचरले तर तुटतात. ते रोज धुवायचे नसतात. ओले असताना, कंडिशनर लावून, मोठ्या दातांच्या कंगव्याने टोकाकडून मुळाकडे गुंता सोडवायचा. मग भाग पाडून पेड घालायचे, झोपताना सॅटिनचे फडके बांधायचे. हे तासन्‌तासांचे काम असते आणि बहुधा दुसऱ्याच्या हातांनी होते. आईच्या गुडघ्यांत मान अडकवून बसलेली मुलगी या साहित्यात पुन:पुन्हा भेटते, त्याचे कारण इतके साधे आहे.

केस सरळ करण्याचे दोन मार्ग रूढ झाले. एक, तापवलेला लोखंडी वा पितळी कंगवा. त्याचा परिणाम पाणी लागेपर्यंतच. म्हणून पाऊस आणि घाम यांची धास्ती. दुसरा, रसायनाचा. माल्कम एक्सच्या आत्मचरित्रात (1965) पहिल्या 'काँक'चे वर्णन आहे: बटाटे, अंडी आणि कॉस्टिक सोडा. पुढे बाजारात आलेल्या रिलॅक्सरमध्येही कॉस्टिक सोडाच, अर्थात सोडियम हायड्रॉक्साइड. केसाच्या प्रथिनातले गंधकाचे बंध तो तोडतो. टाळूला आधी पेट्रोलियम जेली फासावी लागते, नाहीतर भाजते, फासूनही भाजते. सरळ झालेला केस पुन्हा वळत नाही, पण मुळाशी उगवणारा नवा केस मूळच्याच वळणाचा. म्हणून दर सहा-आठ आठवड्यांनी पुन्हा तेच.

या संदर्भात मॅडम सी. जे. वॉकर (1867–1919) हिला केस सरळ करणारी म्हणून खलनायिका ठरवणे आम्हांस अन्यायाचे वाटते. सेरा ब्रीडलव्ह हे तिचे मूळ नाव. लुइझियानात जन्म, आईबाप पूर्वी गुलाम, स्वत: कपडे धुऊन पोट भरलेले. तापल्या कंगव्याचा शोध तिने लावलेला नाही. टाळूच्या रोगाने तिचे केस गळत होते आणि तिचे मुख्य उत्पादन म्हणजे गंधकयुक्त मलम होते. धुण्याला पुरेसे पाणी नसलेल्या घरांत हा आजार सर्रास असे. तिने हजारो स्त्रियांना विक्रीचे आणि केशोपचाराचे शिक्षण देऊन मोलकरणीच्या कामातून बाहेर काढले. तिची मुलगी अलेलिया हिच्या घरी पुढे हार्लेमचे लेखक-कवी जमत. एका वाङ्मयीन चळवळीच्या दिवाणखान्याचे भाडे केसांच्या मलमाने भरले, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

साठोत्तरी काळात आफ्रो आला. आपल्याला तो ब्लॅक पँथरच्या छायाचित्रांतून ठाऊक आहे. 1972 साली मुंबईत दलित पँथर स्थापन झाली तेव्हा नाव तिथूनच घेतले गेले. अँजेला डेव्हिसने 1994 सालच्या एका निबंधात खंत व्यक्त केली की लोकांच्या स्मरणात आपले राजकारण उरले नाही, केशरचना उरली. प्रतीकाच्या घाईचा याहून बोलका दाखला नसेल.

न्यायालयांची घाई उलट दिशेची. 1981 साली रेनी रॉजर्सने एका विमान कंपनीविरुद्ध पेडांच्या बंदीवरून दावा केला व तो ती हरली. एका नटीने 1979 सालच्या चित्रपटात तशाच वेण्या घालून त्या लोकप्रिय केल्या होत्या, याचाही उल्लेख निकालात आला! 2016 साली अपील न्यायालयाने लॉक्सच्या बाबतीत तोच तर्क चालवला: केसांचा पोत जन्मजात, म्हणून संरक्षित; रचना बदलता येते, म्हणून नाही. कॅलिफोर्नियाने 2019 साली कायदा करून ही फट बुजवली. पुढे इतर अनेक राज्यांनी.

'बदलता येते' हे सहज म्हटले जाते. 2022 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात वर्षातून चारहून अधिक वेळा रासायनिक स्ट्रेटनर वापरणाऱ्या स्त्रियांमध्ये सत्तरीपर्यंत गर्भाशयाच्या कर्करोगाची शक्यता 4.05 टक्के आढळली. न वापरणाऱ्यांत 1.64. कार्यकारणसंबंध यातून सिद्ध होत नाही. परंतु नोकरीच्या मुलाखतीसाठी केस बदलून ये, असे सांगणारा काय मागतो आहे, हे कळायला एवढे पुरे.

राहता राहिला अनुवादाचा प्रश्न. 'लॉक्स'ला मराठीत काय म्हणावे? 'जटा' म्हटले की गोसावी उभा राहतो. 'जट' म्हटले की यल्लमा, जोगतीण आणि पोरीला देवीला सोडण्याची भीती. जट कापण्याची मोहीम हे आपल्याकडे मुक्तीचे काम ठरले आहे. तिकडे ती राखणे ही मुक्ती. शिवाय लॉक्स आपोआप माजत नाहीत: बटा पिळून, महिनोन्‌महिने हाताने वळून, नियमित धुऊन त्या घडवाव्या लागतात. आम्ही 'लॉक्स' तसाच ठेवू. याहून अवघड शब्द हेन्री लुइस गेट्सच्या 'कलर्ड पीपल' (1994) या आत्मकथनात आहे. त्याची आई स्वयंपाकघरात बायकांचे केस करीत असे. आणि मानेवरच्या, कशानेही सरळ न होणाऱ्या केसांना त्या बोलीत 'किचन'च म्हणतात. त्याला मराठी प्रतिशब्द आम्हांला अद्याप सापडलेला नाही.