राजी आणि आपली अपेक्षा

एखादी गोष्ट ‘अपेक्षेपेक्षा चांगली निघाली’ असं म्हणताना आपण त्या गोष्टीबद्दल बोलतोच, पण आपली अपेक्षा किती खाली होती हेही कबूल करतो. मला ही कबुली नवा रायपुरातल्या आमच्या घरी, लेकीसमोर द्यावी लागली. तिने ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’ हा व्हिडिओ गेम लावला होता. “आई, हा पुण्यात केलाय,” ती म्हणाली. मी मुद्रितं तपासत होते. मान वर केली ती जरा कुत्सितपणेच.

त्या कुत्सितपणालाही इतिहास आहे. आपल्याकडे हा धंदा वाढला तो बराचसा दुसऱ्यांच्या कामावर. चित्रं, आरेखन, चाचणी आपली. गोष्ट आणि नाव परक्यांचं. युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीने २००८ साली पुण्यातला गेमलॉफ्टचा स्टुडिओ घेतला तो याच काळात. अनुवादकाला हे नातं ओळखीचं वाटावं : हात आपला, मजकूर दुसऱ्याचा. २००९ मध्ये प्लेस्टेशन २साठी ‘हनुमान : बॉय वॉरियर’ हा भारतीय गेम आला. त्यावर अमेरिकेतले राजन झेड यांनी आक्षेप घेतला. देवाला खेळणाऱ्याच्या हातातलं बाहुलं करावं का, असा तो वाद होता.

नॉडिंग हेड्स गेम्सच्या ‘राजी’ने या वादाला, जाणूनबुजून असो वा नसो, चोख उत्तर दिलं. इथे आपण देव होत नाही. आपण होतो सर्कशीत वाढलेली अनाथ मुलगी. असुरांनी तिचा धाकटा भाऊ गोलू पळवला आहे आणि ती त्याला शोधायला निघाली आहे. दुर्गा आणि विष्णू वरून हे पाहतात, आपसांत बोलतात आणि त्यांच्या बोलण्यातून कथा पुढे सरकते. वास्तू राजस्थानी धाटणीच्या. मधले प्रसंग छायाबाहुल्यांच्या रूपात येतात. ते पाहताना मला कुडाळजवळचं पिंगुळी आठवलं. तिथल्या ठाकर कलावंतांनी चित्रकथी आणि चामड्याच्या बाहुल्या जपल्या. परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. ‘राजी’ त्यांच्याकडून आली असा माझा दावा नाही. पण पडद्यामागच्या उजेडात देवांची गोष्ट सांगणं आपल्याला नवं नाही, एवढं खरं.

हा गेम सहज उभा राहिला नाही. २०१७ च्या अखेरीस किकस्टार्टरवर लोकवर्गणीचं आवाहन केलं, ते फसलं. सहसंस्थापक श्रुती घोष यांनी काम चालू ठेवण्यासाठी आपला फ्लॅट विकला. १८ ऑगस्ट २०२० रोजी गेम निन्टेंडो स्विचवर आला, ऑक्टोबरमध्ये इतर यंत्रांवर. त्या वर्षीच्या गेम अवॉर्ड्‌समध्ये पदार्पणाच्या गटात त्याला नामांकन मिळालं. पुरस्कार ‘फॅस्मोफोबिया’ने नेला. दोष आहेतच. काही तासांत गेम संपतो आणि शेवट तर मध्येच पान फाटल्यासारखा आहे.

योगायोग असा की त्याच सप्टेंबरमध्ये युबिसॉफ्टच्या पुणे-मुंबई स्टुडिओंनी केलेल्या ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’च्या नव्या आवृत्तीची झलक दाखवली गेली. तिच्यावर बरीच टीका झाली आणि २०२२ मध्ये ते काम माँट्रियलला गेलं. यातून कुणाच्या कुवतीचा निकाल लावणं अन्यायाचं होईल. फरक एवढाच दिसतो की एकीकडे दुसऱ्याच्या गाजलेल्या कृतीशी तुलना अटळ होती, दुसरीकडे ताडून पाहायला मूळ प्रतच नव्हती.

‘राजी’तली दुर्गा आधी इंग्रजीत बोलली, हिंदी आवाज २०२२ च्या सुधारित आवृत्तीत आला. लेकीने हिंदी लावलं आणि विचारलं, “पुण्यात केलाय ना? मग मराठी का नाही?”

बाजारपेठेचं उत्तर सोपं होतं, पण ते देववेना. आमच्या या मुलखात मराठी आली भोसल्यांबरोबर. बिंबाजी भोसले १७५८ पासून रतनपुरात राहून छत्तीसगढचा कारभार पाहत होते. १८५४ मध्ये नागपूरचं राज्य खालसा झालं. सत्ता गेली तरी काही घरांत भाषा राहिली. रस्त्यावर छत्तीसगढी, शाळेत हिंदी-इंग्रजी आणि देवघरात मराठी. आमच्या लेकीने दुर्गा प्रथम ऐकली ती आजीच्या आरतीत. तिच्या कानाला तो आवाज मराठीच आहे.

पुढचा अर्धा तास मुद्रितं बाजूला राहिली. दुर्गा हिंदीत बोलत होती आणि मी लेकीला तिचं एकेक वाक्य मराठीत करून देत होते. एका वाक्याला तिने मला थांबवलं. “आई, आजी असं नाही म्हणणार.” तिचं बरोबर होतं. मी वाक्य बदललं.